शिंग वाजलं की माळावर

आमच्या वेदगंगेला सरकारं दोन आहेत आणि धनी एकही नाही. हे वाक्य मी एका पत्रकात घातलं होतं. त्यावर निपाणीच्या बाजारात मला दोघांनी चहा पाजला, एवढाच त्याचा उपयोग झाला. नदी उगवते घाटाच्या अंगाला, संस्थानात. मग संस्थानी गावं, मधेच एखादं इंग्रजी हद्दीतलं, पुन्हा संस्थानी, पुन्हा इंग्रजी, अशी वळणं घेत ती आमच्यापर्यंत येते. वर कोसळलं की खाली पूर येतो, हे बैलालाही कळतं. पण वरच्या कचेरीनं खालच्या कचेरीला "पाणी सुटलंय, सांभाळा" एवढं कधी कळवलं नाही. का कळवावं? परक्या मुलखात कोण निरोप धाडतो?

माझ्या आक्काचं सासर आमच्याच गावात, नदीकाठच्या गल्लीत. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आदल्या साली आषाढात लख्ख ऊन पडलं म्हणून तिनं गोधड्या वाळत घातल्या होत्या. आभाळात ढग नाही आणि पाणी परसातून गोठ्यात! ती म्हैस सोडायला धावली. दाव्याची गाठ भिजून घट्ट बसलेली, सुटेना. दाजींनी आक्काला कमरेला धरून ओढून बाहेर काढलं. म्हैस खुंट्यालाच राहिली.

मी पेटलो. रात्रीत पत्रक लिहिलं, दोन्ही सरकारांची सालटी काढली, सायक्लोस्टाईलच्या शाईनं काळ्या झालेल्या हातांनीच ते आक्काला दाखवायला नेलं. ती चौथी शिकलेली. चुलीपुढं बसून सगळं वाचलं, उलटून मागं बघितलं आणि म्हणाली, "ह्यात म्हस कुठं हाय रं?"

"आक्का, हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तत्त्व दूध देतंय व्हय?"

पुढं तिनं आमच्या घरची रेडी नेली, आपल्या हातानं वाढवली. पुढच्या उन्हाळ्यात ती गाभण होती, ऐन पावसाळ्यात दिवस भरणार होते. आक्कानं मला अंगणात उभं केलं आणि म्हैस दाखवली. "पावसात हिला पळता यायचं न्हाय. माळावर चढवायची तर अर्धा दीस जातोय. मला अर्धा दीस आदी सांग पाणी येनार म्हणून. कसं सांगतोस ते तुझं तू बघ. ही बी गेली तर मी ह्या काठाला ऱ्हात न्हाय. तुझ्या दाजींनाबी सांगून ठेवलंय."

दाजी ओट्यावर तंबाखू मळत होते. त्यांनी मान हलवली. कोणत्या बाजूनं, ते कळलं नाही.

मी दोन्ही कचेऱ्या केल्या. इंग्रजी कचेरीतला कारकून म्हणाला, पाणी संस्थानातून येतं, तिकडं अर्ज करा. संस्थानी कचेरीतला म्हणाला, आमच्या हद्दीत पूर नाही, खालच्यांनी खालच्या सरकारला विचारावं. दोघांच्याही टेबलावर पानाचा डबा होता आणि दोघांनीही मला पान दिलं नाही. राज्य परकं असो की आपल्यातलंच, खुर्ची सारखीच गरम होते, हे मी त्या दिवशी शिकलो.

मग मला माझा मित्र आठवला. बेळगावात शिकताना आम्ही अनगोळात एका खोलीत राहायचो. जैन शेतकरी घरातला, घरी कानडी, दारी मराठी, भांडताना दोन्ही. त्याचं गाव नदीच्या वरच्या अंगाला, संस्थानात. मी सायकल मारत त्याच्याकडं गेलो. त्यानं ऐकून घेतलं, शेंगा सोलत सोलत म्हणाला, "गड्या, सरकारं दोन असूं देत. नदी एकच हाय न्हवं? मग आपुणच करू."

इथून पुढचे दिवस आठवले की मला अजून हसू फुटतं. आम्ही दोघं पोरं काहीच्या बाही हुशार झालो होतो.

पहिला प्रश्न, पाण्याला त्याच्या गावाहून आमच्या आक्काच्या गावी यायला किती वेळ लागतो? पुस्तकात उत्तर नाही. मित्र म्हणाला, भोपळे सोडू. पोहायला शिकताना कमरेला बांधतात ते वाळके भोपळे. आमच्याकडून मी गोणीभर जमवले, त्यांना लाल चिंध्या बांधल्या आणि सायकलला लादून निघालो. संस्थानच्या नाक्यावर शिपायानं अडवलं.

"काय हाय?"

"भोपळे."

"इकायला?"

"नाही. नदीत सोडायला."

त्यानं गोणी उपसली, एक भोपळा कानाजवळ नेऊन हलवला. आत बिया खुळखुळल्या. "आनि मग?"

"मग ते वाहत आमच्या गावी परत येतील."

शिपायानं भोपळा जपून परत गोणीत ठेवला. "म्हंजे तुज्याच गावचं भोपळं तू हितवर वाहून आनलंस, ते परत तुज्याच गावाला धाडायला?"

"होय."

"जा बाबा," तो हळू आवाजात म्हणाला. "जकात न्हाय. घरी कोन हाय का तुला बघायला?"

पहिला भोपळा आलाच नाही. मधल्या एका गावात धुणं धुणाऱ्या बाईनं तो काढून घेतला आणि बी ठेवायला घरी नेला. दुसराही गेला. मग मित्रानं भोपळ्यांवर डांबरानं मोठी भुतं काढली, वटारलेले डोळे आणि बाहेर आलेली जीभ. त्यानंतर त्यांना कुणी हात लावला नाही. सकाळी देवळात पूजा चालू असताना त्यानं सोडलेला भोपळा गुरं घरी वळायच्या वक्ताला आक्काच्या घाटावर लागला. मी कपड्यांसकट पाण्यात उडी मारून त्या भुताला मिठी मारली! नदीला तेव्हा वळवाच्या पाण्याची थोडी ओढ होती. पुरात पाणी याहून जलद येणार, पण अर्धा दिवस हाती लागत होता. आक्कानं मागितला होता तेवढाच.

दुसरा प्रश्न, पूर येणार हे ओळखायचं कसं? मित्राच्या गावी घाटावर महादेवाचं देऊळ, पुढं दगडी नंदी. नंदीच्या गळ्यातल्या घाटीला, म्हणजे दगडात कोरलेल्या घंटेला, पाणी लागलं की आमच्याकडं गल्ली बुडते, हे जुन्या माणसांना विचारून, भांडून, पुन्हा विचारून ठरवलं. मित्र जैन, पण त्या पावसाळ्यात त्याच्याइतकं नंदीचं दर्शन कुणी घेतलं नसेल.

तिसरा प्रश्न निरोपाचा. तार नाही, घोडा नाही, आणि सायकल चिखलात माणसावर बसते. पण प्रत्येक गावात देऊळ आहे, देवळात गुरव आहे आणि गुरवाकडं शिंग आहे! आम्ही गावोगाव हिंडलो. करार असा: वरच्या गावचं शिंग भलत्या वेळी, आरती नसताना ऐकू आलं की आपलं उचलायचं आणि खालच्या गावचं उत्तर येईपर्यंत फुंकत राहायचं. एका गुरवानं विचारलं, "आनि ह्यो आवाज इंग्रजी हद्दीत गेला तर?" मित्र म्हणाला, "शिंगाच्या आवाजाला नाका न्हाय, मामा."

हे वाक्य मी पुढच्या पत्रकात चोरलं.

आणि एके दिवशी दुपारी, ऊन असताना, शिंग वाजलं. मी आक्काच्या गल्लीतच होतो. लांबून आलेला तो घोगरा सूर ऐकला आणि माझ्या अंगावर काटा आला. आमच्या गुरवानं छाती फोडून उत्तर दिलं. मी गल्लीभर नाचलो. "पाणी येतंय! नवं पाणी येतंय!" दारं उघडली. बाया लगबगीनं आत गेल्या, बाहेर आल्या. लुगडी बदललेली, हातात ताटं. ताटात नारळ, खण, तांदूळ, हिरव्या बांगड्या. पुढं आक्काची सासू. मागं पोरं, त्यांच्या मागं हलगी.

आणि सगळी मिरवणूक वळली ती खाली, नदीकडं!

आमच्याकडं पुराचं नवं पाणी आलं की बायका नदीची ओटी भरतात, हे मला काय माहीत नव्हतं? आईच्या कडेवर बसून मी ते बघितलेलं होतं. पण भोपळे, नंदी आणि गुरव यांच्या नादात ते डोक्यात आलंच नाही. मी वाटेत आडवा आलो. "वर चला! माळावर! वर!" बाया हसल्या. त्यांना वाटलं, मला आनंद अनावर झालाय. काठावर त्या ओळीनं उभ्या राहिल्या त्या दिवस मावळायला आला तरी हलेनात; पाणी गुडघ्याला लागलं, मग मांडीला. एकीची चप्पल वाहून गेली तेव्हा तिनं हात जोडले. आक्का तेवढी म्हशीचं दावं धरून गल्लीत उभी, डोळ्यांनी मला सोलत.

नशीब, शिंग घाईनं फुंकलं गेलं होतं. एका लाटेनं घाटी भिजली होती, एवढंच. पाणी गल्लीच्या तोंडाशी येऊन मागं सरलं. सासूबाई ओलीचिंब, पण चेहऱ्यावर समाधान. माझ्या तोंडावरून हात फिरवून म्हणाल्या, "लई बेस केलंस बाबा. दरसाली आमाला उशिरा कळायचं. पानी घरात शिरल्यावर कसली वटी भरायची? औंदा वक्तावर कळलं बघ!"

म्हणजे आम्ही सारा उन्हाळा घालवून बायकांना बुडायला वेळेवर पोचवायची सोय केली होती.

मी ओट्यावर चढलो. सभेत बोलतो तसा, हात उगारून बोललो. मावशी, ही काय अक्कल झाली, पूर येतोय म्हणून सांगितलं तर माणूस पुराकडं जातो का, वगैरे. सासूबाई पदर पिळत शांतपणे म्हणाल्या, "गंगा म्हंजे लेक रं. म्हायेराहून आलीया. तिला सामोरं जाया नगो?"

माझं डोकं फिरलं. "लेक आहे ना? मग लेकीला घरापर्यंत येऊ द्या की! वेशीवर गाठून वाटेतच ओटी भरून परत लावता व्हय तिला? माळावर जाऊन उभ्या राहा ताटं घेऊन. तिला माया असेल तर येईल चढून!"

मी टोमणा मारला होता. सासूबाईंनी पिळता पदर सोडला, शेजारणीकडं बघितलं. शेजारीण म्हणाली, "हे मातूर खरं हाय, आत्ती. लेकीला वाटंतनं लावून देतोय आपुन." तिसरी म्हणाली, "आनि न्हाय आली माळापत्तोर तर?" सासूबाईंनी विचार केला. "तर दुसऱ्या दिशी, पानी निवल्यावर, आपुन जाऊ. रुसली न्हाय म्हंजे झालं." आणि मला म्हणाल्या, "बोलनं कडू हाय तुझं, पर बरूबर बोलतोस."

मी ओट्यावरून खाली उतरलो. आक्का तोंडात पदर कोंबून हसत होती, पण माझ्याजवळ येऊन कानात म्हणाली, "बोलून झालं सगळं. पर शिंग वाजल्यावर पाय कुणीकडं वळत्यात ते बघायचं."

तेच तर! पायांना सवय खालच्या वाटेची.

श्रावण लागायच्या आत शिंग पुन्हा वाजलं, सकाळीच. या वेळी थांबेना. वरच्या गावचा गुरव फुंकतोय, आमचा उत्तर देतोय, तरी त्याचं चालूच. ऊन असं की डोळे दिपावेत. दारं उघडली. ताटं आली. सासूबाई पुढं झाल्या. गल्लीच्या तोंडाशी दोन वाटा फुटतात, डावी नदीला, उजवी माळाला. आक्का म्हशीला घेऊन मधोमध उभी. म्हैस इतकी जड की पाय उचलायला तयार नाही. सासूबाई फाट्यावर थांबल्या. त्यांनी डावीकडं बघितलं, नमस्कार केला, मोठ्यानं म्हणाल्या, "वर ये गं बाई, वर वाट बघतो!" आणि उजवीकडं वळल्या.

हलगी वाजायला लागली. बाया, पोरं, शेरडं, कोंबड्यांच्या पाट्या, दाजींच्या डोक्यावर धान्याचं पोतं, आणि सगळ्यांच्या मागं आक्का नि म्हैस. मी मागून म्हशीला रेटत होतो. असली वरात मी कुठं बघितली नाही. म्हैस चार पावलं चाले आणि उभी राही. आक्का तिला शिव्याही देई आणि कुरवाळीही. "चल गं रांडे, चल गं माजे बाय." ऊन कलायला लागलं तेव्हा आम्ही माळावर पोचलो आणि मागं वळून बघितलं. गल्ली नव्हती. नुसती कौलं, आणि त्यांच्यामधून तांबडं पाणी.

पाणी चढत चढत माळाच्या पायथ्याला लागलं आणि थांबलं. सासूबाईंचा चेहरा असा उजळला, जणू त्यांनी स्वतः तिला हाताला धरून आणलं होतं. "आली बघा! म्हटलं न्हवतं?" बायांनी नारळ सोडला, खण सोडला, हळदीकुंकू वाहिलं. खाली त्यांची घरं पाण्यात होती आणि त्या हसत होत्या, कारण घरात कुणीच नव्हतं, ना माणूस ना जनावर. वेड लागल्यासारखा मीही हसत होतो.

तेवढ्यात मागून कचरकचर आवाज आला. आक्काच्या म्हशीनं सासूबाईंच्या ताटात तोंड घातलं होतं. ओटीचे तांदूळ चाटूनपुसून साफ, वर खोबऱ्याची वाटी. आक्का दचकून दावं ओढायला लागली, "आगं, आगं, देवाचं हाय ते!"

सासूबाईंनी तिचा हात धरला. म्हशीच्या फुगलेल्या पोटाकडं बघितलं, ताटातलं उरलेलं कुंकू चिमटीत घेतलं आणि म्हशीच्या कपाळाला लावलं.

"खाऊ दे," म्हणाल्या. "हिचीबी वटी भरायची ऱ्हायलीच हुती."