बाळंतपणाची लुगडी

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी एकच नाव घेईन — गयाबाई. माझी मोठीमाय. माझ्या आईची थोरली बहीण. आई मी लहान असतानाच गेली, बाप बांबूतोडीला गेला की महिने-महिने जंगलातच असायचा. मला वाढवलं तिनं. शाळेत घातलं तिनं. आमच्या घराण्यात पहिला बी.ए. मी झालो, तो तिच्यामुळे.

आणि तिच्याबाबतीत मी जे केलं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. गेल्या आठवड्यात ऑफिसात लिहून दिलं, एका पत्रात लिहिलं, आणि आता इथे लिहितो आहे. कुठून सुरुवात करू? सरळ सांगायला जातो तर हात थांबतो. म्हणून आधी तिच्या पेटीबद्दल सांगतो.

मोठीमाय सुईण होती. मूलच्या पुढे आमचं गाव. तिथली जवळजवळ सगळी पोरं तिच्या हातांत जन्मली. आमच्याकडे बाळंतीण सुखरूप सुटली की सुईणीला लुगडं नेसवतात. गरिबाच्या घरचं साधं असेल, पण नवं असतं. मोठीमायनं ती लुगडी कधी रोज नेसली नाहीत. एका पत्र्याच्या पेटीत घडी घालून ठेवायची. मधूनच काढून ऊन दाखवायची, आणि प्रत्येकाच्या काठावरून बोट फिरवत सांगायची — हे अमक्या घरचं, पायाळू होता तो पोट्टा. हे तमक्या घरचं, जुळ्या पोरी. तिच्या पेटीत आमचं अख्खं गाव घडी घालून ठेवलेलं होतं, असं मला आता वाटतं. तेव्हा नाही वाटलं. तेव्हा मला त्या पेटीत फक्त कपडे दिसले.

गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. मला चंद्रपूरला एका संस्थेत नोकरी लागली — तात्पुरती. गावोगावी हिंडून प्रौढ बायांना अक्षरं शिकवायची योजना होती. जंगलभागातल्या कष्टकरी बायांच्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं ठरलं आणि मला एक कॅमेरा आणि दोन रोल दिले गेले. कॅमेरा मी त्याआधी हातात धरला नव्हता. पण "येत नाही" असं म्हणायची माझी छाती नव्हती. घरात पहिल्यांदाच शिकलेल्या माणसाला "येत नाही" म्हणणं फार जड जातं — का जातं, कोण जाणे.

उन्हाळ्याआधीपासून पावसाळा लागेपर्यंत, कामातून सवड मिळेल तसा मी हिंडलो. मोहर्लीला मोहफुलं वाळत घालणारी एक आजी भेटली. कोरपन्याच्या बाजूला कापूस वेचणारी एक. सिरोंच्याला गोदावरीच्या काठी जाळं विणणारी एक लक्ष्मक्का. ती तेलुगूत बोलली, मी मराठीत, आणि आम्ही दोघं हसलो. बाया लाजत होत्या, पदर सावरत होत्या, पण माझ्या शब्दावर उभ्या राहिल्या. मी प्रत्येकीचं नाव, गाव विचारून घेतलं. खटका दाबत गेलो. रोल पुढे सरकतो आहे असं मला वाटत होतं.

परतीच्या वाटेवर गावी उतरलो. रोवणा सुरू होता, सगळं गाव धानाच्या बांध्यांत वाकून रोपं लावत होतं. मी खटका दाबतोय, पट्टी सरकवतोय, आणि रोल संपतच नाही. शंका आली. मागचं झाकण उघडलं. रोलचं टोक आतल्या चकरीत अडकलेलंच नव्हतं. मी लावला त्या दिवशी होता तसाच तो बसला होता. एकही फोटो निघाला नव्हता.

सिरोंच्याचा रस्ता तोवर पाण्यानं बंद झाला होता. प्रदर्शन तोंडावर होतं. पण म्हणून काय? ऑफिसात जाऊन खरं सांगता आलं असतं — साहेब, चूक झाली. फार तर नोकरी गेली असती. मी ते केलं नाही. मी ओट्यावर बसून रडलो, आणि मोठीमायनं मला रडताना पाहिलं.

मग जे सुचलं ते मला सुचलं; तिला नाही. हे स्पष्ट लिहितो. पेटी मीच उघडली.

मागच्या सांदवाडीत, वालाच्या मांडवाच्या आडोशाला मी तिचे फोटो काढले. दुसरा रोल नीट, दोनदा तपासून लावला. ती आधी हसली, "बाप्पा, ह्या वयात मले नाटकात उभी करून राह्यला का बे?" — आमच्याकडे सुगी झाली की गावोगाव नाटकं होतात, आणि ती सतरंजी घेऊन सगळ्यात पुढे बसायची. पण एकदा लुगडं बदलून आली, आणि काहीतरी वेगळंच घडायला लागलं. ती मला विचारायची, "सांग, कशी बसे थे? हात कुठी ठेवे?" मी सांगायचो — मोहर्लीची आजी गुडघ्यावर कोपर टेकायची. लक्ष्मक्का मान तिरकी करून बघायची. कापूस वेचणारी कुणाकडे बघायचीच नाही, हाताकडे बघायची. आणि मोठीमाय तशी होऊन जायची. पदर डाव्या खांद्यावरून उजव्यावर गेला की तिचा चेहराही बदलायचा. माझ्या बापाचं जुनं जाळं मांडीवर घेऊन ती बसली तेव्हा तिचे ओठसुद्धा वेगळे मिटले होते. एकच बाई, आणि माझ्या काचेपुढे एकामागून एक परक्या बाया येऊन बसत होत्या. खरं सांगू? मी तोवर तिच्याकडे इतका वेळ कधी नीट पाहिलंच नव्हतं.

शेवटी एक फोटो उरला. ती आपल्या रोजच्या विटक्या लुगड्यात आली, केस चापून, आणि समोर ताठ उभी राहिली. म्हणाली, "आता एक माह्यावाला काढ. माह्याच नावाचा." मी काढला. "छापून आणजो," म्हणाली. मी हो म्हटलं. "आणि हे कोणाले सांगू नको," मी म्हटलं. तिनंही हो म्हटलं.

फोटो सुरेख आले. त्यांच्याखाली मी त्या दुसऱ्या बायांची नावं लिहिली. त्यांचीही मी फसवणूकच केली. मोठीमायचा स्वतःच्या नावाचा फोटो मात्र मी छापला नाही. तो कुणी पाहिला असता तर बाकीचे ओळखू आले असते ना. तिला म्हटलं, तो बिघडला.

आता त्या दिवसाकडे येतो. येतो म्हणतो — पण बघा, अजूनही इकडे-तिकडेच फिरतो आहे.

चंद्रपूरच्या एका हॉलमध्ये प्रदर्शन लागलं. नागपूरहून मोठे साहेब आले होते. मी नवी पँट घालून त्यांना एकेका फोटोपुढे नेत होतो आणि साहेब म्हणत होते, "वा, किती वेगवेगळे चेहरे आहेत!" तेवढ्यात दारातून मोठीमाय आत आली. मी बोलावलं नव्हतं. आमच्या शेजारचे देवाजीभाऊ कचेरीच्या कामाला निघाले होते, त्यांच्याबरोबर एसटीच्या लाल गाडीनं आली होती. हातात फडक्यात बांधलेले लाखोळीच्या डाळीचे वडे. देवाजीभाऊ लाजून चपला हातात घेऊन दारातच थांबले. ती मात्र सरळ भिंतीपाशी गेली.

तिनं ते फोटो पहिल्यांदाच पाहिले. गप्प राहायचं कबूल केलेलं ती विसरली — आनंदानं विसरली, त्यात दुसरं काही नव्हतं. "माय वो! हे त मीच आहो!" पुढच्या फोटोशी गेली. "हेबी मीच! आन् हे पाह्य, जाळंवाली — हेबी मीच!" लोक वळून बघायला लागले. कुणीतरी हसलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "या बाई काय म्हणताहेत?"

किती वेळ होता माझ्याकडे? एक श्वास असेल. त्या एका श्वासात मी खरं बोलू शकलो असतो.

मी म्हणालो, "साहेब, ती आमच्या गावची एक बाई आहे. डोक्यानं जरा हलकी आहे. कोणताही फोटो पाहिला की मीच म्हणते."

आमच्या गावची एक बाई. मी असं म्हणालो.

तिनं ऐकलं. मोठ्यानंच बोललो होतो मी, सगळ्यांना ऐकू जावं म्हणूनच. तिनं माझ्याकडे पाहिलं — रागानं नाही. बाळंतीण घाबरली की ती जशी तिच्याकडे बघायची तसं. मग साहेबांकडे वळली आणि म्हणाली, "हाव ना साहेब. तसंच होते मले. साऱ्या बाया मले माह्यावानीच दिसते." आणि हसली. वेडी हसेल तशी हसली. तेही तिला जमलं.

वडे टेबलावर ठेवून ती निघून गेली. साहेबांनी एक खाल्ला. छान झाले आहेत म्हणाले.

माझी नोकरी कायम झाली. देवाजीभाऊंनी गावात जे ऐकलं ते सांगितलं. त्यांचा काय दोष? खुद्द तिच्याच तोंडून त्यांनी ऐकलं होतं. गावातल्यांनी तिला विचारलं तेव्हाही ती म्हणाली, हाव, होते मले तसं. नाही म्हटलं असतं तर गोष्ट चंद्रपूरपर्यंत पोचली असती, माझी नोकरी गेली असती, हे तिला ठाऊक होतं. आधी पोट्टे चिडवायला लागले — "गयामाय, हे म्हैस कोण? हेबी तूच का?" ती त्यांच्या मागे खोटी-खोटी धावायची. मग हळूहळू बाळंतपणाला बोलावणं थांबलं. हलक्या डोक्याच्या बाईच्या हातात नव्या जिवाला कोण देईल? बोलावणारे वाईट नव्हते. ते घाबरले होते. पेटीत नंतर एकही लुगडं पडलं नाही.

मला हे सगळं माहीत होतं. मी सणाला जायचो, तिच्यासाठी चष्मा नेला, औषधं नेली. तिच्यापाशी कबूल करण्यात काही अर्थ नव्हता — तिला तर सगळं माहीतच होतं. सांगायचं होतं ते गावाला. आणि तेच मला झेपत नव्हतं. निदान तिला माफीचं पत्र लिहावं? पण तिला वाचता येत नाही. आमच्या गावात पत्र एका माणसाला येत नाही. पोस्टमन पारावर बसून मोठ्यानं वाचतो आणि दहा जण ऐकतात. म्हणून वर्षानुवर्षं मी तिला खुशालीचीच पत्रं लिहिली. दुसऱ्या गावांतल्या बायांना अक्षरं शिकवत राहिलो. तिला शिकवली नाहीत. ती शिकली असती तर मला बंद पाकिटात माफी तरी मागता आली असती — की म्हणूनच शिकवली नाहीत? माहीत नाही.

या उन्हाळ्यात गावी गेलो होतो. सकाळीच देवाजीभाऊंच्या घरी धावपळ सुरू झाली. त्यांच्या सुनेचे दिवस भरले होते. मधे फक्त एक कुडाची भिंत. मोठीमाय उठली. चूल पेटवली, हंडाभर पाणी तापवलं, कोपरापर्यंत हात धुतले, आणि ओले हात मांडीवर ठेवून दाराशी बसली. शेजारच्या गावाहून दुसरी सुईण आली. आमच्या दारावरून गेली. भिंतीपलीकडून कळांचे आवाज येत होते आणि मोठीमाय प्रत्येक आवाजाबरोबर मान हलवत होती. मग पोर रडलं. सगळं सुखरूप झालं.

ती उठली. मला म्हणाली, "आंघोळ करून घे बाबू. पाणी तापलंच हाय, वाया कायले जाऊ द्याचं?"

मी त्या पाण्यानं आंघोळ केली.

चंद्रपूरला परतल्यावर जुन्या निगेटिव्ह शोधल्या, स्टुडिओत देऊन सगळे फोटो पुन्हा छापून घेतले, आणि हे पत्र पाठवलं.

"तीर्थरूप मोठीमायस, सुखदेवचा सप्रेम जयभीम.

पोस्टमनभाऊ, हे पत्र मोठ्यानं वाचा, मधलं काही गाळू नका. देवाजीभाऊंना बोलावून घ्या. पारावर असतील त्या सगळ्यांनी ऐका.

चंद्रपूरच्या प्रदर्शनात मोठीमाय म्हणाली होती की सगळे फोटो तिचेच आहेत. ते खरं होतं. माझ्या हातून मूळचे फोटो निघालेच नव्हते, म्हणून मी तिला सांदवाडीत बसवून दुसऱ्या बायांच्या नावानं तिचे फोटो काढले. उघडं पडू नये म्हणून साहेबांपुढे तिला डोक्यानं हलकी म्हणालो. माझी नोकरी जाऊ नये म्हणून तिनं ते आजवर आपल्या अंगावर घेतलं. तिच्या डोक्याला काहीही झालेलं नाही, कधी झालं नव्हतं. खोटं मी बोललो. ही गोष्ट मी ऑफिसातही लिहून दिली आहे.

फोटो सोबत पाठवतो आहे. प्रत्येकात तिच्या अंगावर तुमच्यापैकी कुणाच्या तरी घरचं बाळंतपणाचं लुगडं आहे. काठ बघा, ज्याचं त्याला ओळखू येईल. कापूस वेचणारीचं आहे ते देवाजीभाऊंच्या घरचं, त्यांच्या मोठ्या मुलाच्या वेळचं.

मोठीमाय, सगळ्यात खाली एक फोटो वेगळ्या कागदात गुंडाळला आहे. त्यात तू रोजच्या लुगड्यात समोर उभी आहेस. तो बिघडला नव्हता. त्याच्याखाली तुझं नाव लिहिलं आहे — गयाबाई, सुईण.

सुखदेव"