चावी फिरवताच आवाज हवा

माझ्या भासऱ्यांशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, लग्नानंतर इतक्या वर्षांत मी एकदाही थेट बोलले नव्हते. आमच्या घरात तशी रीत आहे. भासरे समोर आले की डोक्यावर पदर घ्यायचा, आणि काही सांगायचं तर सासूबाईंना सांगायचं. त्या पुढे पोचवणार. या रीतीचा मला मनापासून राग येतो. सासूबाईंच्या तोंडून माझं वाक्य बाहेर पडतं तेव्हा त्यातलं निम्मं गळालेलं असतं.

मी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली. दिघोरीत घराच्या छपरीत टेबल टाकून गाड्यांचे, ट्रॅक्टरांचे टेप दुरुस्त करते. छपरी भासऱ्यांच्या वाट्याची, त्यामुळे ते टेबल त्यांच्या डोळ्यांत पहिल्यापासून सलतं. त्यांच्या ट्रॅक्टरला टेप मी बसवला तेव्हाच त्यांनी ऐकवलं होतं, हा बिघडला तर टेबल उचलायचं.

चावी फिरवली की टेपमधल्या ॲम्प्लिफायरच्या आयसीला करंट मिळतो, पण ती लगेच सावरत नाही. तेवढा वेळ आवाज दाबून धरायला तिला म्यूटची पिन असते, आणि त्या पिनवर एक छोटा कंडेन्सर. तो भरेपर्यंत स्पीकर गप्प, मग गाणं. शेतातली मोटर सुरू केली की पाइपातून आधी हवा आणि गढूळ पाणी येतं, ते जाऊ देऊन मगच आपण घागर लावतो. इथे घाई केली तर सगळा धक्का स्पीकरला बसतो.

भासऱ्यांना ती क्षणभराची शांतता खपली नाही. भाताच्या रोवणीच्या दिवसांत चौकात ट्रॅक्टर उभे असतात. बाकीच्यांचे टेप चावीसरशी ओरडायचे, यांचा मागून. लोक हसले म्हणे. मी सासूबाईंना आयसी, पिन, कंडेन्सर सगळं घोटून घोटून समजावलं. त्या अंगणात गेल्या आणि लेकाला म्हणाल्या, "ते म्हणते, टेप जरा सुस्तच राहते."

थोड्याच दिवसांत स्पीकर फाटला. टेप माझ्या टेबलावर आला. उघडून पाहते तर माझा कंडेन्सर गायब, आणि म्यूट बंद करायला त्या पिनला थेट वायरचा तुकडा जोडलेला, वर सोल्डरचा हा एवढा गोळा. असलं काम मी मेले तरी करणार नाही.

"यात कोणीतरी हात घातलाय," मी सासूबाईंना सांगितलं.

उत्तर अंगणातून भासऱ्यांचं आलं. सासूबाईंसाठी, पण मला ऐकू जावं अशा आवाजात. "मीच साकोलीच्या दुकानात काढाले लावला. चाबी फिरवली का आवाज आला पायजे. तिले सांग, टेप बिघडला, आता टेबल उचल."

म्हणजे माणसाला सगळं ठाऊक होतं. मोडायचं यांनी आणि भोगायचं मी! माझं डोकं फिरलं. पदर खांद्यावर आला होता, तो मी सावरला नाही. छपरीच्या तोंडाशी येऊन त्यांच्याकडे बघत म्हटलं, "टेप तुमीच बिघडवला. टेबल उचलाचं असन तं एक टोक मी धरून उभी हाय, दुसरं तुमी धरा."

"त्यायच्यासंग काहून बोलून राहिली, बाई!" सासूबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या.

भासरे त्यांच्याकडेच बघत होते. "तिले सांग, चूप राय."

मी हलले नाही. दुसरं टोक धरायचं तर त्यांना माझ्यासमोर उभं राहावं लागलं असतं, माझ्या तोंडाकडे बघावं लागलं असतं. भासरे पाठ फिरवून निघून गेले.

टेबल छपरीतच आहे. ट्रॅक्टरला साकोलीहून नवे स्पीकर आले, वायर मात्र तशीच आहे. रोज सकाळी चावी फिरते आणि धप्प आवाज होतो. मी चहा पिता पिता तो ऐकते, आणि खरं सांगते, मला फार बरं वाटतं.