परतून येणारा उजेड

आमच्या घरमालकांनी जन्मात एकाही माणसाचं वाक्य पूर्ण होऊ दिलं नसेल. मुकुंदवाडीत त्यांच्या वरच्या खोलीत मी सात वर्षं भाड्यानं राहिलो, पण "मालक, नळाला..." याच्या पुढे मला कधी जाताच आलं नाही. रेडिओदुरुस्तीत हयात घालवलेला हा गृहस्थ नळावरून थेट उजेडावर घसरे, आणि मी रिकामी बादली घेऊन परत जिना चढे.

उजेडाचं वेड त्यांना दुष्काळाच्या वर्षी लागलं. रुळांपलीकडे त्यांची थोरली बहीण, अक्का, एकटी राहायची. तिच्या खिडकीत त्यांनी एका खोक्यात तीन आरसे खोलीच्या कोपऱ्यासारखे काटकोनात जोडून ठेवले. मालकीणबाईंच्या कपाटाचा आरसा त्यातच खर्ची पडला. आपल्या गच्चीवरून लेसर सोडला की उजेड तिथून वळून थेट आपल्याकडेच येणार. त्यातला एक आरसा फुग्याच्या ताणलेल्या रबरावर चिकटवलेला. अक्का बोलली की तो थरथरणार, उजेडही थरथरणार, आणि गच्चीवरचा रेडिओ त्या थरथरीचा आवाज करणार. "फोन आहे की," मी म्हटलं. "फोनला चार्जिंग लागतं. अक्काला नुसतं तोंड लागतंय," ते म्हणाले.

अडचण एकच होती. मधल्या प्लॉटवर इमारत चढत होती. पाण्यावाचून काम दोन स्लॅबवर अडलं होतं; तिसरा चढला की अक्काची खिडकी त्याच्याआड गेली. टँकरच्या रांगेत मालक बोलून गेले, "अजून महिनाभर पाऊस नाय आला तर बरं होईल." बायकांनी त्यांना घागरीसकट रांगेबाहेर काढलं.

आणि एका संध्याकाळी ते जमलं. खरखरीतून अक्काचा आवाज आला, "लाल ठिपका दिसतुया. बोलू का रं?" मालक आनंदानं ओरडले, "बोल, बोल, अगं मी सांगतो ना तुला..." आणि एकदम थांबले. आवाज फक्त तिकडून इकडे येणार होता. इकडचा तिकडे जायची सोयच त्यांनी केली नव्हती.

मग अक्का बोलत राहिली. "तीन वर्षं झाली, एक गोष्ट सांगायला बघतीय. तू बोलूच देत नायस. मला एकटीला लई भ्या वाटतं. तुझ्याकडं राहायला येऊ का?" मालकांनी लेसर बंद केला, स्कूटर काढली आणि तासाभरात अक्काला गाठोड्यासकट आणि आरशांच्या खोक्यासकट घरी आणलं. पुढच्या महिन्यात धो धो पाऊस आला, तिसरा स्लॅब चढला, त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. अक्काला काही महत्त्वाचं सांगायचं असलं की ती आरशांचं खोकं त्यांच्यापुढे ठेवी, आणि मालक मुकाट ऐकत.

गेल्या साली अक्का गेली. परवा मी भेटायला गेलो. खोकं खिडकीत होतं, मालक त्याच्यासमोर बसले होते. काय बोलावं सुचेना, म्हणून म्हटलं, "मालक, नळाला..." आणि सवयीनं थांबलो. तेही थांबले होते. माझं उरलेलं वाक्य ऐकायला.