पंचवीसचा गठ्ठा

राजश्री मगदूम सकाळी नळावर पाणी भरत होती, तेव्हा मोबाईलवर निकाल आला. कायम शिक्षिकेच्या परीक्षेत याही वर्षी तिची निवड थोडक्यात हुकली होती. दारातनं आईनं विचारलं, "काय झालं गं?"

"न्हाय झालं. बादली दे," राजश्री म्हणाली. पाणी भरून झाल्यावर साडी नेसून ती शाळेला गेली.

निपाणीच्या त्या मराठी शाळेत ती अतिथी शिक्षिका होती. नाव अतिथी, पण चहा तिनंच करायचा. पुढच्या वर्षी तिला ठेवायचं की नाही, हे हेडमास्तर जिनेंद्र सरांच्या हातात होतं, आणि सर नेमके आजच तिचा पहिलीचा तास बघायला येणार होते.

पहिलीला खेळातून शिकवा, असा वरून आदेश आहे. राजश्रीनं खराट्याच्या काड्या फरशीवर ओतल्या. "दहा-दहाचे गठ्ठे बांधा रं. ज्याचे जास्त, तो जिंकला."

पोरं तुटून पडली. कुणी आठाचे बांधले, कुणी मोजण्याआधीच भांडणं काढली. सर पहिलीच्या बुटक्या बाकावर, गुडघे हनुवटीला लावून बसले होते. एरवी राजश्रीला हसू आवरलं नसतं. आज ती नुसती बघत होती.

नीलमनं मात्र एकच गठ्ठा बांधला. जाड, घट्ट, दोऱ्याचे वेढे देऊन. तिची आई घरी विड्या वळून त्यांचे कट्टे बांधायची.

"किती गं ह्या?" सरांनी विचारलं.

"एक कट्टा. पंचवीस."

"बाईंनी किती सांगितल्या?"

"दहा. पण दहाचा कट्टा कोण घेतंय, सर? कारखान्यात फेकून मारत्यात."

पोरं खिदळली. सर नाही हसले. "मगदूम बाई, हे तुम्ही शिकवलंय व्हय?"

राजश्रीनं काड्या मोजल्या. पंचवीसच होत्या. दोन दहा आणि वर पाच. एवढ्यावर अख्खा तास रंगला असता. तिला ते सुचलंही. पण सांगायला तोंड उघडावं, एवढंसुद्धा आत काही हललं नाही.

"सोड गं ते," ती म्हणाली. "दहाच बांध."

नीलमनं दातांनी गाठ सोडली. काड्या विस्कटल्या आणि तिनं भोकाड पसरलं.

"शिस्त पाहिजेच," सर उठत म्हणाले. "जूनला या परत, बाई. तुमचं नाव धरतो."

"बरं, सर."

सर गेले. राजश्री नीलमशेजारी फरशीवर टेकली. पोरीचे डोळे, नाक, ओठ सगळे एकदम कामाला लागले होते. सकाळपासनं राजश्रीला एक टिपूसही आलं नव्हतं. नीलमला गप्प करायचं सोडून ती तिच्याकडे बघत राहिली, नवा खेळ कसा खेळायचा ते बघावं तशी.