अख्खा भीमपलास

नवाब मास्तरचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. त्या वेळी चामोर्शीत तोच पहिला उठायचा, कोंबडे त्याच्यानंतर. घरामागे न्हाणीजवळ उभा राहून तो क्लॅरनेटवर एकच खालचा सूर धरायचा. दम संपेपर्यंत धरायचा, श्वास घ्यायचा, पुन्हा धरायचा. उजाडेपर्यंत दुसरा सूर नाही. शेजाऱ्यांनी आधी तक्रार केली, मग सवय करून घेतली. त्याची बायको जाहिदा म्हणायची, "दुसऱ्यायचे घरवाले सकाळी उठून खोकलतात. माहावाला वाजते. फरक काहीच नाई."

बँड त्याला मामाकडून मिळाला. राग तो चंद्रपूरच्या एका म्हाताऱ्या गुरुजींकडे शिकला. रविवारच्या रविवारी एसटीने जाऊन, बहुतेक वेळा उभ्याने. गुरुजींनी भीमपलास शिकवायला दोन वर्षं घेतली. नवाबला ती कमी वाटली.

वरातीत तो उलटा चालायचा. तोंड बँडकडे, पाठ रस्त्याकडे. दोन्ही हात क्लॅरनेटवर अडकलेले, म्हणून इशारे भुवयांनी. डावी वर गेली की ट्रम्पेट चढायचा. दोन्ही खाली आल्या की सगळे थांबायचे. उजवी उचलली की नाचाचा ठेका. उलटं चालणं सोपं वाटतं. चालून पाहावं. चढावर पोटऱ्या भरतात, उतारावर गुडघे बोलतात, आणि पाठीला शेणाचा पो दिसत नाही. समोर मोठा ढोल घेऊन झिंगू. तो जंगलाकडच्या गावातला, ताकदीचा माणूस. पण पोटावर ढोल बांधला की त्यालाही पायाखालचं दिसत नसे. असे दोघं मिळून नवरदेवांना लग्नाला पोचवत.

पावसाळ्यात बँड बंद. वादक धानाच्या रोवणीला जायचे. चिखलात बोटं सुजायची, आणि दिवाळीला सगळं विसरून परत यायचे. नवाब दरवर्षी 'सा'पासून शिकवायचा. ओरडायचा नाही. ज्याचा सूर चुकला त्याच्याकडे नुसता बघत राहायचा.

"मारत जा ना मास्तर," झिंगू म्हणायचा. "हे पाहनं लई लागते."

एवढ्या वर्षांत एकच गोष्ट राहून गेली होती. भीमपलास त्याने लोकांपुढे कधीच शेवटपर्यंत वाजवला नव्हता. मांडवात सुरुवात करायचा. आलापाचे चार सूर होतात न होतात तोच कोणी वऱ्हाडी ओरडायचा, "मास्तर, कोनी मेलं का? नाचाचं लावा ना!" पैसे त्याचे. नवाब नाचाचं लावायचा. पण मरायच्या आधी एकदा तरी अख्खा राग वाजवायचा, हे त्याने मनाशी धरलं होतं.

महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत संधी आली. संध्याकाळ मोठ्या गवयांसाठी राखलेली. नवाबला दुपार मिळाली, मंडपाच्या सावलीत माणसं झोपतात ती वेळ. तबल्याला बँडमधलाच चैतू. गादीवर मांडी घालून बसायचं होतं. जन्मभर चालत वाजवलेलं. बसल्यावर पोट दुमडलं आणि दम मधेच तुटू लागला. नवाब उठला. एक पाऊल मागे गेला, तसा सूर लागला. आलाप झाला, गत सुरू झाली, आणि सम अशी नेमकी आली की खुशीने त्याची उजवी भुवई वर गेली.

पहिल्या रांगेत झिंगू बसला होता. जत्रेत चोरी होईल म्हणून ढोल मांडीवर. त्याने भुवई पाहिली आणि काठी हाणली. झोपलेले उठले, उठलेले नाचू लागले. भीमपलास तिथेच संपला.

"तुमीच भिवई उचलली मास्तर."

"ते तुह्यासाठी नव्हती रे."

"मले काय मालूम? भिवईवर पत्ता लिवला असते का?"

उन्हाळाभर नवाबने एकही वरात सोडली नाही. मोसम संपला तेव्हा कमाई घेऊन तो गुणवंतरावांच्या मंगल कार्यालयात गेला. मुहूर्त नसलेला दिवस मागितला.

"नवरदेव कोन?" गुणवंतरावांनी विचारलं.

"कोनी नाई."

"साखरपुडा?"

"नाई."

"मंग तेरवी? तेरवीले मी हॉल देत नाई."

"गुणवंतभाऊ, मले वाजवाचं हाय. लोकं येतीन, ऐकतीन, जातीन."

"जेवन?"

"नाई."

"बिनजेवनाचं कोन येते रे बाप्पा?"

पण पैसे रोख होते. गुणवंतरावांनी हॉल दिला. फाटकावर लोखंडी पाटी होती. वर 'शुभविवाह' पक्क्या रंगात, खाली नावं खडूने. पाटी कोरी दिसली की लोक आवारात म्हशी बांधतात, असा गुणवंतरावांचा अनुभव होता. म्हणून आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशीच त्यांनी वराच्या ओळीत लिहिलं : चि. नवाब मास्तर. वधूची ओळ सोडून दिली.

बाजाराच्या दिवशी ती पाटी तालुक्याने वाचली. साठीला आलेला मास्तर दुसरं करतो, आणि पोरीचं नाव लपवतो! बाया थेट जाहिदाकडे आल्या. जाहिदा तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "लई जुनं हाय त्यायचं. माह्या आधीपासूनचं."

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी बातमी ऐकून अहेरीहून तिचा धाकटा भाऊ नदीम जीप भरून माणसं घेऊन आला. त्यालाही तिने काही सांगितलं नाही. "दुपारी हॉलवर ये," एवढंच म्हणाली.

दुपारी नवाब मागच्या दाराने हॉलवर गेला तर खुर्च्या भरलेल्या. लोक खिडक्यांतही बसले होते. पहिल्या रांगेत नदीम, बाह्या वर सारून. त्याची नजर नवरीच्या खोलीच्या दारावर. नवाबला वाटलं, एवढी माणसं भीमपलासासाठी आली. झिंगूला त्याने ढोल घरी ठेवायला लावला होता. झिंगू रिकामे हात मांडीखाली दाबून बसला.

नवाब उभ्याने वाजवू लागला. कोणी उठलं नाही. नवरी आल्याशिवाय उठणार कोण? आलाप लांबत गेला. वीज गेली, पंखे थांबले, कपाळं निथळली, तरी खुर्ची सरकली नाही. एका जागी नवाबने वरचा सूर हळूच लावला आणि धरून ठेवला. पहाटेचा सगळा दम त्यात होता. नदीमची नजर दारावरून सुटली. तो मेहुण्याकडे पाहू लागला, आणि बाह्या कधी खाली केल्या ते त्यालाही कळलं नाही. चैतूने तबल्यावर ठेका धरला. गत झाली, द्रुत झाली, शेवटची तिहाई समेवर येऊन बसली. नवाबने क्लॅरनेट खाली घेतला. राग पुरा झाला होता. तो घामाने भिजला होता आणि हसत होता.

टाळ्या आल्या नाहीत. सगळे दाराकडे पाहत होते.

"दुल्हेभाई," नदीम उठून म्हणाला, "वाजवलं तं लई चांगलं. पन नवरी कुठी हाय?"

"कोनाची नवरी?"

बायांच्या रांगेत जाहिदा तोंडाला पदर लावून हसत होती. "अजी, लोकायले खरं सांगितलं असतं तं खुर्च्या रिकाम्या राह्यल्या असत्या," ती म्हणाली. कळायला थोडा वेळ लागला. मग हॉल असा हसला की टाळ्यांची उणीव राहिली नाही.

हसून झालं तरी कोणी जागचं हललं नाही. गुणवंतराव नवाबच्या कानाशी आले. "मास्तर, हे लोकं उठून नाई राह्यले. पंगतीची वाट पाहून राह्यले."

नवाबने जाहिदाकडे पाहिलं. "बसवले तुमीच," ती म्हणाली. "आता उपाशी धाडता का?"

चुली पेटल्या. मोसमभर उलटं चालून कमावलेल्यातलं उरलेलं सगळं त्या दिवशी तांदूळ, तुरीची डाळ, वांगी आणि बुंदीत गेलं. बुंदी नदीमने करायला लावली. अहेरीहून जीप करून आलो, गोड खाल्ल्याशिवाय जात नाही म्हणाला.