ऊन सदरा

वडील शेवटचे तीन महिने माझ्याकडे पुण्यात होते. "कोल्हापुरात माझा सदरा इस्त्रीला टाकलाय, तेवढा आण," असं सारखं म्हणायचे. मी "आणतो" म्हणायचो. ते गेले, आणि मगच मी कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या त्या इस्त्रीवाल्यासमोर जाऊन उभा राहिलो.

म्हातारा पितळेच्या इस्त्रीतल्या कोळशांना वारा घालत होता. ओलं बोट त्याने तळाला लावलं, चर्र झालं, तशी मान डोलावली. विजेची इस्त्री कोपऱ्यात होती, पण वडिलांना हीच लागायची. लहानपणी ते तांब्यात निखारे भरून शाळेच्या सदऱ्यावर फिरवायचे, असं सांगायचे.

मी वडिलांचं नाव घेतलं. त्याने लगेच फळीवरून सदरा काढला.

"कुठं हाईत ओ मास्तर? एकाच घडीत ऱ्हायला तर पिवळी रेघ उमटती, म्हणून दर सोमवारी घडी मोडून परत इस्त्री मारतोय. कवा बी येतील. चुरगाळल्याला कसा द्यायचा त्यास्नी?"

"मास्तर गेले," मी कसंबसं म्हणालो.

त्याने सदरा उलगडून फळकुटावर अंथरला आणि कॉलर, बाह्या, पाठ, सगळीकडून अगदी सावकाश इस्त्री फिरवली. मग घडी घालून सदरा माझ्या हातांवर ठेवला.

"घिऊन जावा, पावणं. ऊन हाय तवर."

रस्त्यावर येऊन मी सदरा छातीशी धरला. वडिलांनी आत्ताच अंगातून काढून दिल्यासारखा तो ऊबदार होता.