काट्याचा संगणक कशासाठी थांबला होता

मंडळी, आज स्वतःवरच खूश आहे. थोडी बढाई चालवून घ्या.

कोपरगावकडच्या एका साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्याला काल नवा लिनक्स संगणक जोडला गेला. आज सकाळपासून तो वजनच घेईना. काट्याच्या डिस्प्लेवर आकडा नीट दिसत होता, पण संगणकावरचा प्रोग्राम सुरू केला की तिथेच अडकायचा. ट्रॅक्टरांची रांग पार रस्त्यावर गेली होती आणि ऊस उन्हात वाळत होता, म्हणून दुरुस्तीला मला बोलावलं. संगणक देणारे फोनवर म्हणाले, केबल लावायचं पोर्ट गेलंय, बदला.

मला पटेना. काट्यापासून संगणकापर्यंतची केबलही नवी दिसली, म्हणून मी जुनी मागितली. काट्यावरच्या मामांनी ती भंगारातून काढून आणली. "आत कायतरी जोडाजोड दिसली, म्हणून फेकून नवी केली," ते म्हणाले.

त्या जोडाजोडीतच उत्तर होतं. समोरचं यंत्र तयार आहे, असा सिग्नल आल्याशिवाय संगणकात पोर्ट सांभाळणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, पुढे जात नाही. काटा तो सिग्नल देतच नाही, म्हणून कुणीतरी दोन पिना आतल्या आत जोडून तो दिला होता. नव्या केबलमध्ये तो जोड नव्हता. संगणक बिचारा वाट बघत बसला होता.

मी एका ओळीची कमांड दिली: त्या सिग्नलसाठी थांबू नको. लगेच पहिल्या ट्रॅक्टरचं वजन आलं.

ट्रॅक्टरवरून ऊसतोड करणाऱ्या एक मावशी उतरल्या. "पोरी, कोनाची गं तू?"

"माझी आई पाथर्डीची. ऊसतोडीला आली की ऊस घेऊन याच काट्यावर यायची."

"मग तिला फोन कर की आधी."

केला. सगळं ऐकून घेऊन आईनं एकच विचारलं, "आपलाच काटा व्हय?"